चार पानांसाठी अख्खी जुडी

फोंड्याहून एका मुलीचं पत्र आलं आहे. लांबलचक आहे, म्हणून थोडं आवरून देते.

"मावशी, आम्ही फोंड्याला दुसऱ्या मजल्यावर भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. मिस्टर कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत कामाला आहेत. मुलगी झाली तेव्हा मी नोकरी सोडली, त्याला आता दोन वर्षं होतील. घरखर्चाला आपलाही हातभार लागावा म्हणून मे महिन्याच्या शेवटी मोबाईलवर व्हिडिओ बघून बाल्कनीत कोथिंबीर, पुदिना, मिरची, रोझमेरी आणि थाईम लावलं. कुंड्या, त्यांच्या खालच्या ताटल्या, मातीची पिशवी, बियांची पाकिटं आणि नर्सरीतली रोपं मिळून १,४५० रुपये गेले. कोथिंबीर उगवली आणि आठ दिवसांत आडवी झाली. रोझमेरी आणि थाईम जुलैत काळी पडून मेली. मिरचीची पानं आकसली. पुदिना तेवढा अजून धुगधुगी धरून आहे. आता मिस्टर बाजारातून कोथिंबीर घेऊन आले की म्हणतात, 'ही वीसची, आपली साडेचौदाशेची.' हसत म्हणतात, पण मला लागतं. माझ्या हाताला गुणच नाही असं वाटतं. आठवड्याला कोथिंबिरीच्या दोन जुड्या ४० रुपये, पुदिना १५, कढीपत्ता १०, मिरची १२ आणि आलं २०, असा खर्च होतो. बाल्कनी पूर्वेची आहे, ऊन साडेदहापर्यंत असतं. माहेर सत्तरी तालुक्यात, तिथे कुळागर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग आहे. परत सुरू करू की सोडून देऊ? आणि आणखी एक. तुळशीच्या कुंडीत बरीच जागा रिकामी आहे, तिथे पुदिना लावते म्हटलं तर सासूबाई नको म्हणतात. बरोबर कोण?"

बाय,

सोडून देऊ नकोस. पाऊस आता गेला आहे, आणि गोव्यात कुंडीतली झाडं सुरू करायला यापेक्षा चांगले दिवस वर्षात नाहीत. फक्त मे महिन्यात जे लावलंस ते आणि तसं परत लावू नकोस.

आधी मेलेल्या झाडांविषयी बोलते, कारण "हाताला गुण नाही" हे वाक्य मला फार खटकलं. आपल्याकडे वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रोझमेरी आणि थाईम ही भूमध्य समुद्राच्या काठची झाडं. तिथे उन्हाळा कोरडा असतो आणि पाऊस येतो हिवाळ्यात, तोही बेताचा. मुळाशी ओल राहिलेली त्यांना सोसत नाही. आपल्या जुलैत ती जगली असती तरच नवल. त्यात तुझ्या हाताचा काही दोष नाही. ज्याने व्हिडिओ केला त्याच्या गावात आपल्यासारखा पाऊस नसणार, एवढंच.

कोथिंबीर आडवी झाली म्हणतेस. जवळून पाहिलं असतंस तर मातीलगतचा देठ दोऱ्यासारखा बारीक झालेला दिसला असता, आणि वरची पानं अजून हिरवीच. याला रोप कोलमडणं म्हणतात. मातीतल्या बुरशीचं काम ते. माती सतत ओली, हवा दमट आणि रोपं दाट असली की एका रात्रीत सगळी कुंडी झोपते. आणि कुंड्यांखाली ताटल्या होत्या. पावसाळ्यात ताटली म्हणजे झाडाला पाण्यात बसवून ठेवणं. त्या सगळ्या ताटल्या आजच काढून टाक. झाडांसाठी काढ, आणि घरात दोन वर्षांची मुलगी आहे म्हणून तर नक्कीच काढ. डेंग्यूचा डास अशाच बोटभर स्वच्छ पाण्यात वाढतो.

मिरचीचंही ऐक. मिरची पावसात होत नाही असं नाही. आपल्या काणकोणातली खोल्याची मिरची, जिला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, ती पावसातच पिकते. पण ती लावतात डोंगरउतारावर. पडलेलं पाणी झाडाशी थांबत नाही, खाली पळतं. पाऊस तोच, झाडही तेच, फरक पाण्याला वाट देण्याचा. तुझ्या झाडाची पानं आकसली त्याला शेतकरी बोकड्या किंवा चुरडा-मुरडा म्हणतात. फुलकिडे, कोळी किंवा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू, यांतलं काहीही असू शकतं. आता शेंड्याला येणारी नवी पानं सरळ येतात का ते आठवडाभर बघ. सरळ येत असतील तर झाड ठेव, लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब घालून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूला फवार. नवी पानंही मुरडलेलीच येत असतील तर झाड उपटून टाक. विषाणू लागलेलं झाड सुधारत नाही आणि शेजारच्या झाडाला देऊन जातं.

आता हिशेब, कारण तू लावलंस ते पैशासाठी.

तुझ्या यादीची बेरीज आठवड्याला ९७ रुपये, म्हणजे महिन्याला चारशेच्या थोडं वर. यातलं बाल्कनीतून किती सुटेल? पुदिना सगळा सुटेल. कढीपत्ता सगळा सुटेल, पण वर्षभराने. मिरचीला पाच-सहा तास ऊन हवं आणि तुझ्याकडे साडेतीन तास आहे, तेव्हा मिरची थोडीच मिळेल. आलं या जागेत परवडणार नाही. कोथिंबीर हिवाळ्यात तीन महिने, तीही अर्धीमुर्धी. म्हणजे सरासरी महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये. मे महिन्यात घातलेले १,४५० रुपये भरून निघायला वर्ष लागेल. आकडा लहान आहे, पण खरा आहे, आणि तो तुला आधी कुणीतरी सांगायला हवा होता. म्हणून आता यावर एक रुपयाही घालायचा नाही. पुढे जे सांगते ते सगळं फुकटातलं आहे.

काय लावायचं ते ठरवायची माझी रीत अशी आहे. बाजाराला जायच्या आदल्या संध्याकाळी फ्रिजचा खालचा खण उघड आणि पिशव्यांत काय काळं पडलंय, काय चिकट झालंय ते बघ. ते लाव. डाळीच्या फोडणीला कढीपत्त्याची सात-आठ पानं लागतात आणि घ्यावा लागतो अख्खा गुच्छ. चटणीला पुदिन्याची मूठभर पानं लागतात, उरलेली जुडी तीन दिवसांत काळी. चहात गवती चहाची एक पात पुरते. अशा वस्तूंचा दर स्वस्त असतो पण पडतात महाग, कारण आपण चार पानांसाठी अख्ख्या जुडीचे पैसे देतो आणि उरलेली फेकतो. ज्या गोष्टी अशा चिमटीने लागतात त्या दारात असाव्यात. ज्या जुडीने लागतात, वाटणाला किंवा भाजीला, त्या शेतकऱ्याकडूनच घ्याव्यात. बाल्कनी शेताशी स्पर्धा करू शकत नाही.

माहेर सत्तरीत आणि कुळागर असूनही तू माती विकत आणलीस, हे वाचून मला वाईट वाटलं. पुढच्या वेळी गेलीस की पोफळीखालची वरची चार बोटं माती गोणीत भरून आण. वर्षानुवर्षं पानं कुजून झालेली ती माती हातात घेतली की भुसभुशीत लागते आणि पावसाच्या पहिल्या दिवसाचा वास येतो. तिचे दोन भाग, जुन्या वाळलेल्या शेणखताचा एक भाग, आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे एक भाग. शेण ताजं नको, वास येत नाही इतकं जुनं हवं. आणि बिल्डिंगच्या मागची तांबडी, जांभ्याची माती नुसती कुंडीत घालू नकोस. वाळली की विटेसारखी घट्ट होते, पाणी वरच्या वर कडेने वाहून जातं आणि मूळ कोरडंच राहतं.

सोडण तर रोज घरात येतं. कोयत्याने त्याचे बोटभर तुकडे कर, काही धागे हातानेच पिंजून काढ, आणि बादलीत बुडवून ठेव. पहिल्या दिवशी पाणी काळ्या चहासारखं निघेल. ते ओतून दुसरं घाल. चार-पाच दिवस असं पाणी बदलत राहिलं की ते फिकट होतं. त्या पाण्यात नारळाचं मीठ आणि तुरटपणा उतरतो, तो कोवळ्या मुळांना चालत नाही, म्हणून ही खटपट. तुकडे कुंडीच्या तळाला अंथर, पिंजलेले धागे मातीत मिसळ. मार्च-एप्रिलात हेच धागे पाणी धरून ठेवतील आणि जूनमध्ये हेच तुकडे जास्तीचं पाणी खाली सोडतील.

कुंड्या तुझ्याकडे आहेत. प्रत्येकीच्या बुडाला चार-पाच छिद्रं पाड, एकाने भागत नाही. कोथिंबिरीसाठी मात्र कुंडीपेक्षा मासळी बाजारातला थर्माकोलचा खोका चांगला. मासेवाल्या बाईला विचार, फुटका-तुटका असला तर देईल. गोड्या पाण्याने तीनदा धू आणि दिवसभर उन्हात ठेव. रुंद असतो, पसरट असतो, आणि माती तापू देत नाही.

पहिला पुदिना. जो धुगधुगी धरून आहे त्याची काळजी करू नकोस, पुदिना मारायचा म्हटला तरी मरत नाही. या आठवड्याची बाजारातली जुडी आणलीस की त्यातल्या जाड, किंचित जांभळट देठाच्या सहा-सात काड्या बाजूला काढ. गाठीच्या जरा खाली तिरका काप घे, खालची पानं काढ, आणि काचेच्या पेल्यात दोन बोटं पाण्यात उभ्या करून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेव. ऊन थेट नको. पाणी एक दिवसाआड बदल. आठवड्या-दीड आठवड्यात गाठींवर पांढरी मुळं दिसतील. तुझ्या मुलीला रोज दाखव. बोटभर झाली की पसरट कुंडीत लाव. आठ-दहा दिवसांनी शेंडे खुडायला सुरुवात कर, जितकं खुडशील तितकं फुटेल. लांब सुटून पानं बारीक होऊ लागली की सगळं झाड मातीपासून दोन बोटांवर कापून टाक. घाबरू नकोस, पंधरा दिवसांत पुन्हा भरतं. एप्रिल-मेमध्ये दुपारची झळ लागणार नाही असं बघ. तुझी बाल्कनी पूर्वेची, त्यामुळे तिकडे सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली, पुदिन्याला असंच हवं असतं. आणि आपला पावसाचा मारा नैऋत्येकडून येतो. पश्चिमेच्या बाल्कनीवाल्यांची झाडं जुलैत झोडपून निघतात, तुझी त्यातून वाचतील. तुझ्या जागेला तू कमी लेखतेस, पण पाल्यासाठी ती चांगली आहे.

दुसरा कढीपत्ता, आणि याला धीर हवा. माहेरी परसात मोठं झाड असेल तर त्याच्या बुंध्याभोवती दोन-चार हातांवर जमिनीतून फुटवे आलेले असतात. वीतभर उंचीचा फुटवा बघून त्याच्या भोवतीची माती हलक्या हाताने उकर, त्याचं स्वतःचं बारीक मूळ दिसलं तरच आईच्या मुळापासून तोड आणि मातीच्या गोळ्यासकट आण. दोन-तीन आण, एखादा जगत नाही. जूनमध्ये हे काम जास्त सोपं जातं, पण आता केलंस तरी चालेल, रोज थोडं पाणी द्यावं लागेल इतकंच. त्याला तुझी सगळ्यांत मोठी कुंडी किंवा चीर गेलेली २० लिटरची बादली दे. पहिलं वर्ष पानं तोडायची नाहीत. झाड हातभर झालं की वरचा शेंडा कापायचा, म्हणजे बाजूने फांद्या फुटतात. नाही तर ते काठीसारखं वरच जात राहतं. पुढे वापरायला लागशील तेव्हाही सुटी पानं ओरबाडू नकोस, डहाळी देठापासून काप.

एक दिवस पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे काळे-पांढरे ठिपके दिसतील. ती विष्ठा नसते, अळी असते. लिंबाच्या झाडावर येणाऱ्या काळ्या-पिवळ्या फुलपाखराची. मोठी झाली की हिरवीगार होते आणि दोन दिवसांत लहान झाड बोडकं करते. औषध मारू नकोस, रोज सकाळी पानं उलटून बघ आणि हाताने उचलून टाक. एखादी डब्यात ठेवून मुलीला फुलपाखरू होईपर्यंत दाखवलीस तर तिला आवडेल. तिच्यासाठी चार पानं गेली तर जाऊ देत.

माझी आई मासळी धुतलेलं पाणी मागच्या दारी कढीपत्त्याच्या बुंध्याशीच ओतायची. झाड कौलांपर्यंत गेलं होतं आणि पानं इतकी काळीभोर की फोडणीचा वास पार पेळेवर, म्हणजे आमच्या ओसरीवर यायचा. ते पाणी खरोखर चांगलं खत आहे, पण मीठ लावायच्या आधीचं, पहिल्या धुण्याचं. मीठ लावून धुतलेलं पाणी कुंडीतलं झाड मारतं. आणि फ्लॅटमध्ये जपून घाल. कुंडीच्या कडेला मातीत खळगा करून त्यात ओत आणि वर माती ओढ, नाही तर मांजरं कुंडी उकरतील आणि खालच्या मजल्यावरची माणसं तुझ्या दारात येतील. तांदूळ धुतलेल्या पाण्याला असलं काही पथ्य नाही, ते रोज घाल.

गवती चहाचं बेट माहेरी असेलच, त्यातले मुळासकट दोन कोंब आण. पानओव्याची एक काडी कुणाकडूनही मिळेल, मातीत खोचली की लागते. त्याच्या जाड पानांची भजी पावसात करून बघ. या दोघांविषयी जास्त सांगण्यासारखं काही नाही, ती आपली आपण वाढतात.

आता कोथिंबीर. एकच खोका लाव, आणि हिवाळ्यापुरतंच. कोथिंबिरीला थंड हवा लागते. आपल्याकडे तिचे दिवस ऑक्टोबरच्या शेवटापासून जानेवारीपर्यंत. त्यानंतर पेरलीस तर पान बडीशेपेसारखं बारीक होतं आणि महिन्याभरात फुलावर येते. बियांचं पाकीट घेऊ नकोस, डब्यातले धणे घे. फक्त ते या वर्षीचे असावेत, भाजलेले नसावेत, आणि रंग हिरवट पिवळा असावा. मूठभर धणे पाटावर पसर आणि लाटण्याने अगदी हलक्या हाताने फिरव, कट् असा आवाज येऊन दाणा दुभंगेल इतकंच. पीठ नाही करायचं. धण्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात, अख्खा पेरला की उगवायला वेळ लावतो आणि उगवलाच तर एका जागी दोन रोपं दाटी करतात. दुभंगलेले धणे रात्रभर पाण्यात ठेव, सकाळी निथळून फडक्यात बांधून एक दिवस ठेव. मग खोक्यात बोटाच्या अर्ध्या पेराइतक्या खोल रेघा ओढून त्यात पेर, वरून माती भुरभुरव, आणि पाणी हाताने शिंपड. तांब्याने ओतलंस तर बी वाहून एका कोपऱ्यात गोळा होतं. उगवायला आठ ते बारा दिवस लागतात. सातव्या दिवशी उकरून बघू नकोस.

उगवल्यावर पाणी सकाळीच, आणि त्याआधी बोट मातीत दोन पेरं घालून बघायचं. बोटाला ओली माती चिकटली तर त्या दिवशी पाणी नाही. रोपं दाट वाटली तर मधली मधली उपट आणि सोलकढीवर घाल, कोवळी फार गोड लागतात. पस्तीस-चाळीस दिवसांनी कापायला येईल. मुळासकट उपटू नकोस, दोन बोटं ठेवून काप, आणखी एकदा फुटते. एका खोक्यातून फार तर दोन-तीन जुड्यांइतकी मिळेल. पंधरा दिवसांनी दुसऱ्या खोक्यात पेरलंस तर मध्ये खंड पडत नाही, पण दुसरा खोका आताच करू नकोस. पहिला नीट होऊ दे.

पावसाळ्यात कोथिंबीर विकतच घ्यायची, बाय. आपली बरीचशी पालेभाजी घाटावरून, बेळगावकडून येते. चोर्ला घाटात दरड कोसळली की इथे जुडीचा भाव चढतो आणि आपण काही करू शकत नाही. करता येतं ते एवढंच की घेतलेली फेकायची नाही. तू आठवड्याला दोन जुड्या घेतेस. त्यातली किती पोटात जाते आणि किती कचऱ्याच्या बादलीत जाते, ते एक आठवडा मोज. माझा अंदाज आहे की तुझी खरी बचत तिथे आहे, बाल्कनीत नाही. आणल्यावर धुवायची नाही. दोरा सोडायचा, पिवळी आणि कुजकी पानं काढायची, पाणी सुकेपर्यंत वर्तमानपत्रावर पसरायची, मग कोरड्या कागदात सैल गुंडाळून डब्यात. कागद दोन दिवसांनी बदल. देठ फेकू नकोस, चिकन काफ्रियालच्या हिरव्या वाटणाला आणि चटणीला देठांनाच जास्त चव असते. स्वस्त मिळेल त्या आठवड्यात आलं, लसूण, मिरची आणि कोथिंबीर एकत्र कमी पाण्यात वाटून बर्फाच्या साच्यात गोठव. एका वेळी दोन खडे पुरतात. मोठ्या भाजीसाठी गोवा राज्य फलोत्पादन महामंडळाचे गाडे गावोगाव आहेत. तिथे सरकारी सवलतीच्या दरात मिळते, त्या गाड्यावर जायला संकोच वाटू देऊ नकोस.

आणि पुढच्या मेच्या शेवटी, जेव्हा तू रोझमेरी लावली होतीस त्याच आठवड्यात, हळद लाव. दोन डोळे असलेली गाठ, एका मोठ्या कुंडीत एक, चार बोटं खोल. आपल्या पावसाला शोभणारं झाड ते. श्रावणात पानं हातभर लांब होतात. नागपंचमीला पातोळ्या करायला बाजारात पानांसाठी पैसे मोजतो आपण, त्या दिवशी तू बाल्कनीतून चार पानं कापून आण. जानेवारी-फेब्रुवारीत पाला वाळला की खाली ओली हळद मिळेल ती वेगळीच.

आता तुझ्या मिस्टरांविषयी. ते हसत बोलतात आणि तुला लागतं, हे तू त्यांना सांगितलंयस का? पत्रात तसं दिसत नाही. सांग. कोथिंबीर निवडताना नको, मुलगी झोपल्यावर शांतपणे सांग की त्या कुंड्या मी घराला हातभार लागावा म्हणून लावल्या होत्या, आणि तुम्ही तसं म्हणता तेव्हा मला वाटतं की माझा हातभारच नाही. बहुतेक नवऱ्यांना आपली थट्टा कुठे जाऊन लागते ते माहीतच नसतं. कळलं की थांबतात. ते पैसे चुकीच्या महिन्यात, चुकीच्या झाडांवर गेले हे मात्र मोकळेपणाने कबूल कर. त्यात कमीपणा नाही.

पण मला त्याहून जास्त काळजी दुसऱ्या गोष्टीची वाटते. नोकरी सोडल्यापासून घरात आपलं योगदान दिसलं पाहिजे, असं ओझं तू मनावर घेतलं आहेस आणि ते ओझं कोथिंबिरीच्या कुंडीवर टाकलं आहेस. महिन्याला सव्वाशे रुपयांची कुंडी ते पेलणार नाही. दोन वर्षं तू एक मूल वाढवते आहेस, ते काम आहे आणि त्याला दाम नाही म्हणून ते कमी होत नाही. पुढे कधी परत नोकरी करावीशी वाटली, घरबसल्या काही करावंसं वाटलं, तर त्याचा विचार वेगळा आणि मोकळेपणाने कर, मलाही लिही. झाडं मात्र झाडं म्हणून लाव. एक साधी वही ठेव. एका पानावर ज्या आठवड्यात पुदिना विकत घ्यावा लागला नाही त्या आठवड्यापुढे १५ लिही, समोरच्या पानावर फेकलेल्या जुडीचे पैसे लिही. मार्चमध्ये ती वही दोघांनी मिळून बघा.

राहिली तुळस. सासूबाईंचं बरोबर आहे. त्या तुळशीच्या मानासाठी नको म्हणतात, आणि झाडाच्या दृष्टीनेही ते बरोबरच आहे. पुदिना जमिनीलगत धुमारे सोडत पळतो आणि वर्षभरात सगळी कुंडी मुळांनी भरून टाकतो. शिवाय त्याला सतत ओल हवी, तुळशीला मुळाशी कोरडं आणि वर लख्ख ऊन हवं. पुदिन्यासाठी पाणी घालत राहिलीस तर तुळस पिवळी पडून जाईल. व्हडली दिवाळी, म्हणजे तुळशीचं लग्न, जवळ आली आहे. लग्नाला ऊस आणि आवळा-चिंचेच्या डहाळ्या आणशील तेव्हा ती कुंडी मोकळीच असू दे. द्वादशीला तुळस खुडत नाहीत, म्हणून लग्नानंतर दोन दिवस जाऊ देत, मग सासूबाईंना विचारून वाळलेल्या मंजिऱ्या काढून घे. तळहातावर चोळल्या की बारीक बी निघतं. ते ओल्या मातीवर नुसतं भुरभुरायचं, वर माती घालायची नाही. रोपं वीतभर झाली की एक माहेरी ने, आणि त्याच फेरीत कुळागरातली गोणीभर माती घेऊन ये.